फिट येते? मग फिट सर्टिफिकेट आणा!

ॲडमिशनच्या वेळी आपण सगळ्यांनीच एक कागद आणला होता. फॅमिली डॉक्टरांनी नाडीसुद्धा न बघता सही करून दिलेला, ‘हा/ही विद्यार्थी फिट आहे’ असं लिहिलेला. या कागदावरचा ‘फिट’ म्हणजे ठणठणीत. आणि घरात ‘तिला फिट येते’ असं कोणी म्हटलं की बायका आवाज खाली करतात, पुरुष पेपर वाचायला लागतात आणि विषय बदलतो. शब्द एकच! एक मिरवायचा, दुसरा लपवायचा.

हा लेख त्या दुसऱ्या फिटबद्दल आहे. अपस्मार, मिरगी, फेफरं, आकडी, एपिलेप्सी... नावं भरपूर आहेत, माहिती मात्र बेताचीच.

मराठी विभागाच्या संपादिकेने ‘तुझं कॉन्व्हेंटचं मराठी चालेल’ असं सांगून हा लेख मागितला, तेव्हा शुद्धलेखनाची जबाबदारी तिची. मला आपला न्यूरॉन माहीत होता. ‘चेतापेशी’ हा शब्द मला माझ्या रूममेटने शिकवला, जी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली. आणि खरं सांगू, तोच शब्द जास्त आवडला. त्यात ‘चेतणं’ ऐकू येतं.

आता तुम्ही म्हणाल, ई अँड टीसीच्या मुलीने हे डॉक्टरी काम कशाला अंगावर घेतलं? तर मित्रहो, चेतासंस्था हा आपल्याच सिलॅबसचा विषय आहे, फक्त कोणी तो आपल्याला तसा शिकवत नाही. प्रत्येक चेतापेशी ही एक चार्ज केलेली छोटी बॅटरी असते. पेशीच्या भिंतीत एक पंप बसलेला असतो, तो तीन सोडियम आयन बाहेर फेकतो आणि दोन पोटॅशियम आत ओढतो, सतत, आपण लेक्चरला झोपलेलो असतानाही. या सगळ्यामुळे आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण राहते. शेजारच्या पेशींकडून पुरेसा धक्का आला आणि हा आकडा उणे ५५ च्या आसपास पोचला, की सोडियमची दारं धाडकन उघडतात, व्होल्टेज शून्य ओलांडून धनाकडे जातं आणि साधारण एका मिलिसेकंदात परत खाली येतं. अर्धवट काही नाही. एकतर पूर्ण पल्स, नाहीतर काहीच नाही. म्हणजे चक्क डिजिटल!

हे सगळं समीकरणात बसवलं हॉजकिन आणि हक्सली या दोघांनी, १९५२ साली, स्क्विड नावाच्या समुद्री प्राण्याच्या जाडजूड चेतातंतूवर प्रयोग करून. १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांचं इक्विव्हॅलंट सर्किट बघा कधीतरी लायब्ररीत. एक कपॅसिटर, काही रेझिस्टन्स, काही बॅटऱ्या. सेकंड इयरच्या नेटवर्क थिअरीच्या पेपरात घातलं तर कोणाला संशयही येणार नाही.

फरक एवढाच की तारेतून सिग्नल जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने जातो आणि आपल्या आत तो फार तर सेकंदाला १२० मीटर जातो. तेही ज्या तंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध इन्सुलेशन आहे त्यांच्यात. त्या इन्सुलेशनला ठराविक अंतरावर फटी असतात आणि तिथे सिग्नल पुन्हा ताजा होतो, अगदी रिपीटरसारखा. इन्सुलेशन नसलेले बारीक तंतू सेकंदाला जेमतेम मीटरभर चालतात. म्हणून अंधारात पायाचं बोट कॉटला आपटलं की आधी ‘आपटलं’ हे कळतं आणि खरा ठणका नंतर येतो. त्या मधल्या क्षणात आपण आशेने वाट बघत असतो की या वेळी दुखणार नाही!

अशा सुमारे ८,६०० कोटी पेशी एका मेंदूत. वजन साधारण १,३०० ते १,४०० ग्रॅम, वीज सुमारे २० वॅट. आपल्या खोलीतली एक एलईडी ट्यूब तेवढीच खाते आणि ती नुसता उजेड देते.

यंत्रणा म्हटली की बिघाड आला. इन्सुलेशन जागोजागी सोललं गेलं तर मल्टिपल स्क्लेरोसिस. डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत गेल्या तर पार्किन्सन, म्हणजे कंपवात. रक्ताचा पुरवठा तुटला तर पक्षाघात, आणि त्यात वेळ इतकी महत्त्वाची की गुठळी विरघळवणारं औषध सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देतात. यातला प्रत्येक विषय एकेका लेखाचा आहे. पण हे आजार बहुतेक वेळा आजी-आजोबांच्या किंवा आई-बाबांच्या वयात भेटतात. आपल्या वयात, आपल्या विंगमध्ये, शेजारच्या कॉटवर जो आजार असू शकतो तो अपस्मार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे ५ कोटी लोकांना तो आहे. त्यातला मोठा वाटा आपल्यासारख्या देशांत राहतो.

फिट म्हणजे नक्की काय होतं? गॅदरिंगला माईक चुकून स्पीकरसमोर आला की कर्कश शिट्टी वाजते, आठवतंय ना? स्पीकरचा आवाज माईकमध्ये, माईकचा पुन्हा स्पीकरमध्ये. पॉझिटिव्ह फीडबॅक. सगळे कान झाकतात, पण ‘ॲम्प्लिफायर वेडा झाला’ असं कोणी म्हणत नाही. मेंदूत काही पेशी शेजाऱ्यांना ‘चेत’ असा निरोप देतात, काही ‘थांब’ असा. हा तोल क्षणभर गेला की हजारो-लाखो पेशी एका तालात पल्स सोडायला लागतात. मेंदूच्या एका कोपऱ्यातच हे घडलं तर फक्त हात उडेल, विचित्र वास येईल किंवा माणूस अर्धा मिनिट शून्यात बघत राहील. सगळीकडे पसरलं तर तो कोसळतो, ताठ होतो, अंग झटके देतं. लक्षात घ्या, ते शून्यात बघणंही फिटच असू शकतं. शाळेत बाईंनी ‘लक्ष नाही’ म्हणून बाकावर उभी केलेली एखादी मुलगी त्यातलीच असेल.

हिप्पोक्रेटसच्या नावावर असलेल्या जवळजवळ २,४०० वर्षांपूर्वीच्या ग्रीक ग्रंथात म्हटलंय की हा आजार इतर आजारांपेक्षा काही जास्त दैवी नाही, त्याचं मूळ मेंदूत आहे. चरकसंहितेत अपस्मारावर अख्खा अध्याय आहे, औषधांसकट. हान्स बर्जर या जर्मन डॉक्टरने माणसाच्या मेंदूतली वीज १९२४ मध्ये पहिल्यांदा कागदावर उमटवली. आणि आपण? आपण अजून कांदा शोधतोय.

कांद्याची गोष्ट सांगते. जिच्याबद्दल आहे तिची परवानगी आहे. नाव नको म्हणाली.

गेल्या सेमिस्टरची सबमिशन. सकाळी पावणेआठला मेसमध्ये नाश्त्याला गर्दी, सगळ्यांच्या बगलेत जर्नल्स, डोळे लाल. ती ताट घेऊन रांगेत होती. ताट पडल्याचा आवाज आला, मागोमाग तीही पडली. पुढच्या काही सेकंदांत मी जे पाहिलं ते आमच्या भावी इंजिनियर्सच्या ज्ञानाचं प्रदर्शन होतं. एकीने चप्पल काढली. दुसरी मेसच्या टोपलीतून कांदा घेऊन धावली. तिसरी स्टीलचा चमचा घेऊन ‘दात उघडा, जीभ गिळेल!’ असं ओरडत होती. दोघी तिचे हात दाबून धरत होत्या. एक मोबाईलवर शूटिंग करत होती, तिच्याबद्दल मी लिहिणार नाही कारण हे मासिक सरही वाचतात.

पोळ्या लाटणाऱ्या मावशी उठल्या, पिठाचे हात तसेच. त्यांनी आधी चमचेवालीला हाताला धरून बाजूला केलं, मग सगळ्यांना. आपला ॲप्रन घडी करून तिच्या डोक्याखाली सरकवला, चष्मा काढला, बाक मागे ढकलला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “पोरी, घड्याळ बघ गं.” हात त्यांनी धरले नाहीत. झटके थांबले तसं तिला हळूच कुशीवर वळवलं, तोंडातली लाळ बाहेर येऊ दिली. एक मिनिट चाळीस सेकंद. मला तो अर्धा तास वाटला होता.

मावशींच्या मुलाला लहानपणापासून फिट येते. सरकारी दवाखान्यातल्या एका डॉक्टरांनी त्यांना एकदाच, पण नीट समजावून सांगितलं होतं. त्या चौथी शिकल्या आहेत.

तेव्हा सर्वांनी पाठ करा, व्हायव्हाला विचारणार आहेत असं समजून. जीभ गिळली जात नाही, ते शक्यच नाही. तोंडात काहीही घालायचं नाही, कारण चमच्याने दात तुटतात आणि मग दात खरंच घशात जातो. चप्पल, कांदा, किल्ल्यांचा जुडगा यांचा काडीचा उपयोग नाही. फिट आपोआप थांबते आणि श्रेय चपलेला जातं. हात-पाय दाबायचे नाहीत, पूर्ण शुद्ध आल्याशिवाय पाणी पाजायचं नाही. आजूबाजूच्या टणक, टोकदार वस्तू हलवा, गळ्याभोवतीचं सैल करा, कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली, एकामागून दुसरी आली, पाण्यात आली, मोठी दुखापत झाली, किंवा आयुष्यातली पहिलीच असेल, तर १०८ ला फोन. बाकी वेळी शेजारी बसून राहा. जागी झाल्यावर माणूस काही वेळ गोंधळलेला असतो, त्याला ‘मी कोण, ओळख पाहू’ असले प्रश्न नकोत.

ती जागी झाली आणि रडली. मला वाटलं दुखतंय. तर म्हणाली, “आता सगळ्यांना कळलं.”

दोन वर्षं ती गोळ्या कॅल्शियमच्या डबीत ठेवत होती. दोन वर्षं! एका खोलीत तिघी, एकमेकींच्या आयब्रो पेन्सिलपर्यंत सगळं सामायिक, आणि ही रोज रात्री आमच्याकडे पाठ करून गोळी घेत होती. ती वेळ झोपायच्या आधीची. सबमिशनच्या दोन रात्री झोपच नव्हती, म्हणून गोळीही नव्हती. डॉक्टरांना ईईजीत बिघाड सहज दिसत नसेल तर ते पेशंटला मुद्दाम रात्रभर जागवतात, कारण जागरणाने तो बिघाड वर येतो. म्हणजे जे हॉस्पिटलमध्ये तपासणी म्हणून करतात ते आपण दर सेमिस्टरला फुकटात करतो, वर चहा ढोसून. सबमिशनच्या तारखा एकाच आठवड्यात कोंबणाऱ्या सर्व सन्माननीय सरांनी आणि मॅडमनी याची नोंद घ्यावी ही नम्र विनंती. (आम्हीही पहिल्या आठवड्यापासून जर्नल लिहीत नाही, हा मुद्दा तुम्ही काढणार. मान्य. पण तारखांचं बघा.)

आता माझा खरा मुद्दा. ती लपवत का होती?

कारण माझ्या मावसभावाचं काय झालं ते ऐका. दुसऱ्या शहरातलं एक कॉलेज, नाव नको. त्याने हॉस्टेलच्या फॉर्मवर ‘काही आजार आहे का’ यापुढे खरं ते लिहिलं. आठवडाभरात पत्र आलं, ‘फिट असल्याचं सर्टिफिकेट आणा अन्यथा पालकांनी बाहेर व्यवस्था करावी.’ फिट येणाऱ्याने फिट असल्याचं सर्टिफिकेट आणायचं! न्यूरॉलॉजिस्टने लिहून दिलं की औषध चालू आहे, वर्षभरात एकही झटका नाही, हॉस्टेलला हरकत नाही. तरी ‘जबाबदारी कोण घेणार’ म्हणून नाही म्हणाले. तो आता एका गल्लीत तिसऱ्या मजल्यावर एकटा खोली घेऊन राहतो. एकटा. म्हणजे फिट आली तर कुशीवर वळवायलाही कोणी नाही. जबाबदारी झटकण्याचा हा प्रकार किती उलटा आहे बघा. चोवीस तास माणसं असलेली एकच जागा म्हणजे हॉस्टेल, आणि तिथूनच त्याला काढला. पुढच्या वर्षीच्या मुलाने त्या रकान्यात काय लिहायचं? ‘निरंक’ लिहिणार तो, आणि कॅल्शियमची डबी घेणार.

मुलींचं तर त्याच्याही पुढे. तिच्या आईने तिला सांगून ठेवलंय, ‘लग्न होईपर्यंत तोंड उघडू नकोस.’ मला आधी राग आला. मग वाचलं की हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वेडाचे आणि अपस्माराचे वारंवार येणारे झटके एकाच ओळीत बसवले होते, म्हणजे अशा व्यक्तीचा विवाह आव्हानाला पात्र. १९९९ मध्ये कायद्यातून अपस्मार हा शब्द काढून टाकला. तिच्या आईचं लग्न झालं तेव्हा तो कायद्यात होता. त्या बाईंची भीती हवेतली नाही, फक्त कायदा बदललाय हे कोणी त्यांच्यापर्यंत पोचवलं नाही.

वेड आणि अपस्मार एक नाही, हे ठणकावून सांगायला हवं. बुद्धीचं आणि फिटचं तसं नातं नाही. जॉन्टी ऱ्होड्सला अपस्मार आहे आणि १९९२ च्या वर्ल्ड कपमध्ये इंझमामला हवेत झेपावून रनआऊट करणारा तोच. नीट निदान आणि नियमित औषध मिळालं तर १०० पैकी ७० जणांपर्यंत लोक झटक्यांशिवाय जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. औषधाने न भागणाऱ्या काहींसाठी शस्त्रक्रियाही आहे. पण औषध मध्येच, मनाने बंद करायचं नाही. दोन-तीन वर्षं एकही फिट आली नाही तर कमी करायचं की नाही हे डॉक्टर ठरवतात, देवऋषी नाही आणि ‘आता बरी दिसतेस की’ म्हणणारी काकूही नाही.

आणि शुद्ध शाकाहारी मंडळींसाठी एक बातमी. आपल्या देशात फिट येण्याचं एक मोठं कारण म्हणजे डुकराच्या फीतकृमीची अळी मेंदूत जाऊन बसणं. मांस न खाताही ते होतं, कारण त्याची अंडी अस्वच्छ हातांतून, दूषित पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात. मेसच्या कोशिंबिरीचा प्रश्न मी मेस कमिटीत तीनदा काढला तो हौस म्हणून नाही!

‘जबाबदारी’वाल्यांचं म्हणणं मी अगदीच उडवून लावत नाही. धोका आहेच. लेथवर काम करताना, टाकीत पोहताना, डबल कॉटच्या वरच्या मजल्यावर झोपताना, आतून कडी लावून आंघोळ करताना. डीजे नाइटचे भकभकणारे दिवे थोड्या जणांना त्रास देतात, सगळ्यांना नाही. १९९७ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागातल्या लाल-निळ्या उघडझापीने शेकडो मुलं हॉस्पिटलमध्ये गेली होती. पण या प्रत्येक धोक्याला इंजिनियरने काढावा असा साधा उपाय आहे, आणि तो उपाय करायला आधी कोणाला तरी माहीत असायला लागतं. म्हणजे लपवायला लावणारा नियमच सगळ्यात धोकादायक.

म्हणून फॉर्मवरचा तो रकाना राहू दे. त्याच्याखाली मात्र छापा की ही माहिती रेक्टर मॅडमपलीकडे जाणार नाही आणि हिच्यामुळे कोणाचीही खोली काढली जाणार नाही. माहिती देणाऱ्याला खालची कॉट द्या आणि तिने स्वतः निवडलेल्या दोन मैत्रिणींना काय करायचं ते शिकवा. यावर माझं आणि तिचं अजून भांडण चालू आहे. ती म्हणते, दोघीसुद्धा का, रेक्टरना माहीत आहे तेवढं पुरे. मी म्हणते, रात्री अडीचला रेक्टर मॅडम विंगमध्ये नसतात. ती म्हणते, “आज दोघींना सांगितलं की परवा दोनशे जणींना कळतं, तुला हॉस्टेल माहीत नाही का?” याला माझ्याकडे उत्तर नाही.

वॉचमनकाका, मेसचा स्टाफ आणि वर्कशॉपचे असिस्टंट यांना दरवर्षी एक तासाचं फर्स्ट एड प्रात्यक्षिक द्यावं. मावशींना शिकणाऱ्यांत न बसवता शिकवणाऱ्यांत बसवावं, आणि त्या तासाचे पैसे द्यावेत. वर्कशॉपच्या सरांना मी विचारलं, तर ते म्हणाले की अशा मुलाला बॅचमधून काढायची गरज नाही, इमर्जन्सी स्टॉपच्या बटणापाशी पार्टनर उभा केला की झालं, तसाही एका लेथवर तुम्ही चौघं गप्पा मारत असता!

राहिली बाथरूमची कडी. आतल्या कडीऐवजी बाहेरून नाण्याने उघडता येईल असं लॅच बसवायचं आणि दारावर ‘आत आहे’ अशी सरकती पट्टी. मेकॅनिकलची मुलं पट्ट्या वर्कशॉपच्या उरलेल्या पत्र्यातून करून द्यायला तयार आहेत, लॅच विकत घ्यावे लागतील. तळमजल्यावरच्या चार बाथरूमपासून सुरुवात करू असा अर्ज आम्ही अकरा जणींनी सह्या करून दिलाय. पहिली सही तिची आहे. रेक्टर मॅडमनी ‘बघते’ म्हटलंय.